दोन पावसाळ्यांची रेघ

पोपट सुतार दाराचा तुकडा खांद्यावर टाकून वखारीत शिरला आणि तो त्याने माझ्या टेबलावर असा आदळला की कपातला चहा उडून सकाळच्या पेपरवर सांडला.

"टेबल आहे ते, पोपट. तुझ्या लोणी काळभोरचा पार नव्हे."

"काकू, आधी बघा. मग काय बोलायचं ते बोला."

मी आधी बोलले. मार्चचा महिना, भवानी पेठेत वाऱ्याचं नाव नाही. पत्र्याखाली बसलेलं माणूस आधी बोलतं, मग बघतं. शिवाय गेल्या ऑगस्टात कोथरूडच्या चोवीस फ्लॅटांच्या मुख्य दारांचं सगळं सागवान पोपटने आमच्याकडून नेलं होतं, आणि दिवाळीपासून हा गडी फिरकला नव्हता. साधा फराळाला आला नाही.

"मोठा माणूस झालास. आयटीवाल्यांची दारं करतोस. आता आमची आठवण कशाला यायची?"

तो उभाच राहिला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला भुसा लागलेला. तेव्हा मी चष्मा लावला आणि तुकड्याकडे पाहिलं.

दाराचा वरचा कोपरा होता तो. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथे एकमेकींत बसतात तिथे सांधा इतका उघडला होता की माझी करंगळी आत गेली. उभी पट्टी तर पिळून वाळत टाकलेल्या धोतरासारखी झाली होती.

"हे तू केलंस?" मी म्हटलं. "ज्ञानदेव सुताराच्या मुलाने? तुझ्या बापाने केलेली दारं शनिवार पेठेत आमच्या घराला आहेत, पन्नास वर्षं झाली, अजून सांध्यात खेळातला पत्ता जात नाही. आणि तू असे सांधे करतोस? घाई केलीस ना? भोक मोठं पाडलंस आणि डिंकाने भरलंस."

"चोवीसच्या चोवीस गेली, काकू."

"काय चोवीस?"

"दारं. एकाचं कुलूप लागत न्हाई. एकाच्या फटीतनं हात आत जातोय. एका बाईनं तर रात्रीचं कपाट सरकवून लावलंय दाराला. माझा सांधा चुकला आसता तर एक चुकला आसता, दोन चुकले आसते. चोवीस?"

मग त्याने सांगितलं ते असं. रविवारी सोसायटीची सभा होती. त्या सभेत ठराव होणार होता की पोपट सुताराने हलकं काम करून सभासदांना फसवलं. ती इमारत बांधणाऱ्या बिल्डरच्या अजून दोन इमारती शेजारीच उभ्या राहत होत्या. त्यांची दारं-खिडक्या पोपटलाच द्यायची बोली झालेली, पण बिल्डर आता म्हणत होता, सभा काय म्हणते बघू.

"ठराव कागदावर आला की कोथरूडात मला कोण रंधा धरू देतंय? तीस वर्सं झाली, काकू. सुताराकडं हत्यारं आसत्यात आणि नाव आसतं. हत्यारं इकत मिळत्यात."

हे ऐकून तरी मी नरम पडायचं. नाही पडले. मी तो तुकडा फिरवला आणि त्याचं टोक त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे? वाच."

टोकाला गेरूच्या दोन रेघा होत्या.

आमच्या वखारीची ही रीत सासऱ्यांपासूनची. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, करवतींची, रंध्यांची पूजा झाली की वाटीत गेरू कालवायचा आणि जो ओंडका तो अख्खा पावसाळा आमच्या आवारात पडून होता त्याच्या टोकाला एक रेघ ओढायची. पावसाळा गेला, एक रेघ. पुढच्या वर्षी दुसरी. एका रेघेचं लाकूड खोक्यांना, फळकुटांना. दोन रेघांचं दारा-खिडक्यांना. तीन रेघांचं देव्हाऱ्याला आणि पाळण्याला. झाड पाडलं तरी त्याला वर्ष-दीड वर्ष कळत नाही की आपण मेलोय. पाणी धरून बसतं. ते पाणी हळूहळू सुटू द्यावं लागतं. नाहीतर ते तुमच्या घरात, तुमच्या भिंतीत सुटतं आणि जाताना दार वाकवून जातं. ओंडका उभा फाडला की प्रत्येक फळीच्या टोकाला त्या रेघांचा तुकडा राहतो. गिऱ्हाइकाला बाकी काही बघायची गरज नाही. मालक तरुणपणी गेले, दत्ता सात वर्षांचा होता, तेव्हापासून दर खंडेनवमीला गेरूची वाटी माझ्या हातात. बल्लारपूरच्या डेपोत जंगल खात्याच्या लिलावाला मी स्वतः जायची. दोनशे बाप्यांत एकटी बाई. ओंडक्यावर पटाशीची मूठ मारून आवाज ऐकायची. थंडीत तोडलेलं असेल तर खणखणीत, पावसाच्या तोंडाशी तोडलेलं असेल तर ढब्ब. हसायचे सगळे. दुसऱ्या वर्षी मी ज्यावर मूठ मारेन त्यावरच बोली लावायला लागले.

तेव्हा पोपटला मी म्हटलं, "दोन रेघा आहेत. आमच्या लाकडात खोट नाही. खोट कुठे आहे ते घरी जाऊन आरशात बघ."

पोपट हलला नाही.

"रेघा हायत," तो म्हणाला. "रेघा बघूनच नेलं. पण काकू, ऑगस्टात म्या काय म्हणलेलो तुमाला?"

"काय म्हणालास?"

"फळी उचलली तवा हाताला जड लागली. म्या म्हणलो, एका फळीचं टोक चार बोटं कापून बघू या. आत कशी हाय ती. तुमी हितंच बसल्या व्हता. हितं दोन बिल्डर बसले व्हते. तुमी काय म्हणालात?"

मला आठवलं. नाही आठवत म्हणून सांगते कुणाला? मी म्हटलं होतं, 'पोपट, तुझ्या बापाने जन्मात कधी आमच्या वखारीत टोक कापून मागितलं होतं का? विश्वास नसेल तर समोर सुदर्शनशेठकडे जा. तिथे कापूनच घ्यावं लागतं.' दोघे बिल्डर खो खो हसले होते. मीही हसले होते. पोपटने मान खाली घातली आणि टेम्पो भरला.

आता तो मान वर करून उभा होता, आणि तेच मला सहन होईना. मी तुकडा खिडकीपाशी उजेडात नेला. जे काम मी ऑगस्टात करायला हवं होतं ते मार्चमध्ये केलं.

आधी वलयं पाहिली. एकेक वलय बोटभर रुंद. आपल्या चांद्याकडच्या सागाला एवढं वाढायला पाच-सहा वर्षं लागतात. हे झाड एका वर्षात एवढं फुगलेलं, पाणी आणि खत पिऊन. मग कडेला नख घासलं. वरचा रंग निघाला आणि खाली पांढरं, सालीलगतचं, कोवळं लाकूड. पॉलिशने तपकिरी केलेलं. आणि मग रेघा. नीट पाहिल्या. गेरू टोकावरून कडेवर आणि कडेवरून फळीच्या अंगावर ओघळलेला होता. ओंडक्यावर काढलेली रेघ फाडलेल्या फळीच्या अंगावर ओघळेलच कशी? तिथे तेव्हा अंग नसतंच. ही रेघ फळी फाडून झाल्यावर काढलेली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"दत्ता!"

माझा मुलगा आतून आला, कानाला मोबाईल. पंचेचाळीस वर्षांचा घोडा, पण मी हाक मारली की अजून शर्ट खोचतो.

"फोन ठेव."

"आई, क्लायंट आहे, हिंजवडीचा—"

"ठेव म्हटलं ना."

त्याने पोपटला पाहिलं, तुकडा पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला उत्तर मिळालं. पण मला ते तोंडून पाहिजे होतं.

"ही रेघ कधी काढलीस?"

"कुठली रेघ?"

"दत्तप्रसाद."

"आई, आपण आत बोलू. पोपटसमोर नको."

"पोपटसमोरच. दारं पोपटची वाकलीत, तुझी नाही."

"जुलैत," तो म्हणाला.

"जुलैत! जुलैत खंडेनवमी असते होय रे? पंचांग पण बदललं वाटतं त्या कॉम्प्युटरवाल्यांनी. आणि लाकूड कुठलं?"

"कंटेनरचं. आफ्रिकेतून आलेलं. बंदरावरून जूनमध्ये उचललं."

"म्हणजे पावसाळे किती खाल्ले त्याने?"

त्याने खोचलेला शर्ट पुन्हा खोचला.

"अर्धा," मीच म्हटलं. "तोही ट्रकमध्ये, ताडपत्रीखाली."

मग दत्ता चढला. माझाच मुलगा, गप्प किती वेळ बसेल! "आई, तू खुर्चीत बसतेस, तुला बाहेर काय चाललंय ते माहीत नाही. रोज एक बिल्डिंग उभी राहतेय. पगार झाला की पोरं फ्लॅट बुक करतायत. दोन पावसाळे कोण थांबणार आहे? बंदरावर उतरलं की आठ दिवसांत फाडायचं, पंधरा दिवसांत विकायचं, सगळं मार्केट हेच करतं. मी भट्टीत वाळवून घेणार होतो. खरंच घेणार होतो. भट्टीला महिन्याची रांग होती आणि हा पोपट घाईला आला होता."

"म्या घाईला न्हवतो आलो," पोपट म्हणाला. "बिल्डर घाईला व्हता. म्या तर टोक कापा म्हणत व्हतो."

"मग रेघ कशाला काढलीस?" मी दत्ताला विचारलं. "ओलं म्हणून विकायचं होतंस. आफ्रिकेचं म्हणून विकायचं होतंस. आफ्रिकेचं लाकूड काय पाप करून आलंय? झाड ते झाड. त्याला त्याचा वेळ दे आणि ते काय आहे ते सांगून वीक. रेघ कशाला?"

"रेघेशिवाय लोक घेत नाहीत आपल्याकडून," दत्ता म्हणाला. "तूच सवय लावलीस. रेघ दिसली की कुणी काही विचारत नाही."

हे वाक्य मला थोबाडीत बसलं, आणि थोबाडीत बसली की मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी काठी घेतली आणि वखारीच्या आत निघाले. खंडेनवमीचे ओंडके फाटकापाशी लोळवत माझ्यापुढे आणत; गुडघ्यामुळे दोन वर्षं मी माझ्या फाटकाजवळच्या खोलीच्या पुढे गेले नव्हते. माझ्यामागे दत्ता, "आई, पडशील," आणि त्याच्यामागे पोपट. आत पाहते तर तीन थप्प्या. तीन! फाडलेल्या फळ्या, एकीवर एक चिकटून रचलेल्या, मधे हवा खेळायला पट्टी सुद्धा नाही, आणि प्रत्येकीच्या टोकाला दोन-दोन रेघा. ब्रशने काढलेल्या. आम्ही बोटाने काढतो. मूर्खाने निदान बोट तरी वापरायचं होतं.

"पोतं ओलं करून आण," मी दत्ताला म्हटलं.

"हमालाला सांगतो."

"हमालाने काढल्या होत्या का?"

दत्ताने पोतं भिजवून आणलं आणि पुसायला लागला. दुपारी बाराची वेळ, गिऱ्हाइकं येत होती, कप्पीवर ओंडका चढवणारी माणसं काम थांबवून बघत होती. त्याची बायको सुनीती डबा घेऊन आली ती दारातच थबकली. मी तिला म्हटलं, "डबा ठेव. आज उशीर आहे." त्याच्या पांढऱ्या शर्टावर तांबडे ओघळ आले. मला दया आली नाही. माझी स्वतःचीही आली नाही. मी फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वखारीचं नाव सांगत होते, आणि आत माझा मुलगा तेच नाव ब्रशने रंगवत होता.

संध्याकाळी दत्ता कागद घेऊन आला. टाइप केलेला, वर वखारीचं नाव, खाली त्याची सही.

"सोसायटीला देऊ. वाचतो. 'हवेतील आर्द्रतेच्या बदलामुळे नैसर्गिक लाकडात काही प्रमाणात—'"

"कुणाच्या हवेतल्या?"

"आई, अशीच भाषा असते. यात कुणावरच येत नाही."

"कुणावरच येत नाही म्हणजे पोपटवर येतं," मी म्हटलं आणि कागदाच्या चार घड्या करून तो डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. तिथे तो बरा बसला.

रविवारी सकाळी मी आणि पोपट रिक्षाने कोथरूडला गेलो. दत्ताला मी घेतलं नाही. त्याला बोलता येतं, म्हणूनच नाही घेतलं. वाटेत पोपट बाहेर बघत बसला. रिक्षावाल्याला मात्र पौड रोडभर खड्डे कुठे आहेत ते मी सांगितलं.

सभा खाली पार्किंगमध्ये. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात स्कूटरी सरकवलेल्या. समोर टेबलामागे सेक्रेटरी, श्रीनिवास म्हणून, बँकेतून निवृत्त झालेले. असे लोक निवृत्त होतात पण काउंटर सोडत नाहीत. पुढच्या रांगेत आयटीतली पोरं अर्ध्या चड्डीत, रविवार म्हणून. पोपट सवयीने भिंतीशी उभा राहिला. मी एक खुर्ची ओढून सरळ टेबलासमोर बसले.

श्रीनिवासांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण? ही सभा फक्त सभासदांसाठी आहे."

"तुमच्या दारांतलं लाकूड माझं आहे. तुम्हाला दारं हवीत की सभासद?"

मागे कुणीतरी हसलं. हेमा म्हणून एक बाई होत्या, कपाट सरकवून झोपणाऱ्या त्याच, त्या म्हणाल्या, "बोलू द्या हो त्यांना. ठराव काय पळून जातोय?"

"बोला," श्रीनिवास म्हणाले. "आटोपशीर."

"लाकूड ओलं होतं," मी म्हटलं. "सांधे चांगले आहेत. एकही दार खिळा मारून जोडलेलं नाही, बघून घ्या. लाकूड आतून आक्रसलं, म्हणून सांधा उघडला. पोपटच्या जागी ब्रह्मदेव असता तरी उघडला असता."

एक पोरगा उठला. केयूर. नम्र होता, पण नम्रपणाने माणसं जास्त टोचतात. "आजी, ॲक्च्युअली आमचा इश्यू सप्लायरशी नाहीये. डील कार्पेंटरशी होतं ना? मटेरियल चेक करणं त्याचं काम होतं. आमच्याकडे टेस्टिंग न करता काहीच पुढे जात नाही."

"तो करणार होता," मी म्हटलं.

"मग?"

मी पोपटकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. हा काही सांगणार नव्हता. तीस वर्षं माझ्या वखारीत येऊन त्याला एवढंच कळलं होतं की यमुनाबाईंच्या विरोधात चारचौघांत बोलायचं नाही. त्याने ठराव होऊ दिला असता, आणि घरी गेला असता. मला त्याचा असा संताप आला की काठी त्याला फेकून मारावी.

"मी करू दिलं नाही," मी म्हटलं. "त्याने फळीचं टोक कापून बघू म्हटलं. मी त्याची लोकांसमोर टर उडवली. त्यावर रेघा होत्या, आमच्या वखारीची खूण. त्या खोट्या होत्या. माझ्या मुलाने काढलेल्या, आणि मी खुर्चीतून उठून बघितलं नाही."

पार्किंगमध्ये पंखा नव्हता. सगळं ऐकू येत होतं, वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्टीसकट.

"हे लेखी द्याल?" श्रीनिवासांनी विचारलं. "तोंडी दिलगिरी रिक्षावालेही व्यक्त करतात. आम्ही ती फाइलला लावत नाही."

"द्या कागद."

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर मी सही केली, ओंडक्यांवर आकडे टाकले, पण असं कधी लिहिलं नव्हतं. केयूर म्हणाला, "आजी, तुम्ही सांगा, मी लिहितो." मी म्हटलं, "तू टेस्टिंग कर." मग चोवीस घरांसमोर बसून मी लिहिलं. वेळ लागला. कुणी उठलं नाही.

'लाकूड माझ्या वखारीचे. ते ओले होते. त्यावरच्या रेघा खोट्या. पोपटने टोक कापून बघू म्हटले तर मी त्याला गप्प केले. त्याच्या कामात खोट नाही. दारांचे नवे लाकूड मी भरून देईन. यमुनाबाई.'

श्रीनिवासांनी ते दोनदा वाचलं. "तारीख राहिली," ते म्हणाले.

तारीख घातली. ठराव फाडला गेला आणि दुसरा लिहिला गेला की चोवीस दारं पोपट सुतारानेच नव्याने करावीत. कोपऱ्यात उभा असलेला बिल्डरचा माणूस फोनवर बोलायला बाहेर गेला आणि परत येऊन पोपटला म्हणाला, पुढच्या आठवड्यात मापं घ्यायला ये, दोन्ही इमारतींची. पोपटने मान हलवली. श्रीनिवास लिहीत होते, "लाकूड श्रीमती यमुनाबाई यांच्या वखारीतून—"

"न्हाई," पोपट म्हणाला.

त्या सभेत तो बोललेला पहिला शब्द.

"लाकूड यांच्या वखारीतनं न्हाई घ्यायचो. दुसरीकडनं घेतो. बाकी ल्ह्या तुमी."

मी उठले. फाटकाबाहेर येईपर्यंत तोंड आवरलं, मग सुटले.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस! मी तुझ्यासाठी तिथे चौथीतल्या पोरीसारखी बसून लिहिलं, आणि तू—"

"तुमी माझी ऑगस्टात काढली," पोपट म्हणाला. "फिटलं."

"माझ्याकडे खऱ्या दोन रेघांचे ओंडके आहेत. मी स्वतः ओढलेल्या. त्यातलं ने."

"आसतील. पन आता मला रेघ दिसली की ती हसलेली दोन मान्सं दिसत्यात. काय करू?"

मी काठी रस्त्यावर आपटली. "घेणार कुणाकडून?"

"सुदर्शनशेठकडनं."

"त्या चोराकडून!"

"त्यो कापून देतो. तुमीच म्हणल्या व्हता."

आता हे ऐकून मी रिक्षात बसून शनिवार पेठेत घरी जायचं की नाही? पण लाकूड मी भरून देणार होते, आणि सुदर्शनशेठ काय प्रकारचा माल पुढे करतो हे या शहरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, "मी येणार निवडायला."

"यायचं तर या. निवडणार म्या. तुमी बोलायचं न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे तोंडात सुपारी धरायची."

मंगळवारी मी समोरच्या वखारीत गेले. मधे फक्त रस्ता आहे, तरी तीस वर्षांत मी तो ओलांडला नव्हता. सुदर्शनशेठ धावत आला.

"यमुनावहिनी! आज कसं काय? खुर्ची आणा रे, उशीवाली. काय वहिनी, घरचं लाकूड पुरेना?"

मी सुपारी चावली.

"आमच्याकडे रेघा-बिघा नसतात हं वहिनी. साधी माणसं आपण."

सुपारी अडकित्त्याशिवाय फुटली.

पोपटने एकेक फळी काढायला लावली. प्रत्येकीचं टोक चार बोटं कापायला लावलं, आणि कापलेला ताजा तुकडा गालाला लावून पाहिला. ओल असली की लाकूड गालाला गार लागतं. गार लागलं की बाजूला. मग वलयं, मग नखाने कड, मग फळी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते. सुदर्शनशेठचे हमाल कुरकुरले. शेठ म्हणाला, "अरे पोपट, सोनं घेतोस की लाकूड?" पोपटने ऐकलंच नाही. कापायची करवत ओरडत होती, भुसा माझ्या लुगड्यावर पडत होता. त्याने मला एकदाही विचारलं नाही. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

अकरावी की बारावी फळी. लांबून चांगली, गडद, भारदस्त. पण मधे, गाभ्याजवळ, केसाएवढी चीर होती, मेण आणि भुसा भरून बुजवलेली. सुदर्शनशेठचं जुनं कसब. मला खुर्चीतून दिसली. पोपटने ती फळी गालाला लावली, सरळ धरून पाहिली आणि निवडलेल्या थप्पीत ठेवली.

मी खुर्चीच्या कडा धरल्या. तोंड उघडलं, बंद केलं. सुदर्शनशेठ माझ्याकडे बघत होता, बघू या वहिनी काय करते म्हणून. पोपटने पुढची फळी उचलली. तीही पाहिली. ठेवली. मग थांबला. मागे वळला, आधीची फळी थप्पीतून परत ओढून काढली, उन्हात नेली, वाकून बघितली, आणि नखाने ते मेण असं उकरून काढलं की त्याचा गोळा शेठच्या चपलेवर पडला. फळी त्याने भिंतीला उलटी टेकवून ठेवली आणि पुढच्या कामाला लागला.

मला बोलावं लागलं नाही. आणि त्या महिन्यात दत्ताचा आला नव्हता, शेठचा आला नव्हता, इतका राग मला त्या क्षणी माझाच आला. हाच माणूस टोक कापून बघू म्हणाला तेव्हा मी हसले होते.

"वहिनी," शेठ चप्पल झटकत म्हणाला, "सुतार मात्र तयार आहे हं तुमचा."

मी सुपारी थुंकली.

"माझा नाही तो. काम करतोय, करू द्या त्याला. पुढची फळी दाखवा."